विमान उतरेपर्यंत केर नाही

मामींबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडखळायला नको. त्यांचा मुलगा दोन वर्षं घरी आला नाही, त्याला कारण मी. बरेच दिवस हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. मग बायकोला कळलं, म्हणजे आता राजघाटापर्यंत सगळ्यांना ठाऊक असणार. तेव्हा लिहायला हरकत नाही.

बुऱ्हाणपुरात नदीच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत मामींचं घर. पुढच्या भागात त्या एकट्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू, वर आणखी एक सुटी खोली. मधलं अंगण सगळ्यांचं, आणि त्यात एक कडुनिंब. त्या आमच्या कुणाच्या मामी नव्हत्या. आमच्या आधीचा भाडेकरू त्यांना मामी म्हणायचा, तो जाताना खोलीबरोबर नातंही आमच्या हवाली करून गेला. यजमान वारले तेव्हापासून बहादरपूरची केळीची शेती दीर बघत, आणि मामी आम्हाला बघत.

मामींचा नियम एकच होता. घरातलं माणूस बाहेर पडलं की ते पोचेपर्यंत घरात झाडू लावायचा नाही. हा रिवाज आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. माझे वडील साताऱ्याकडून इकडे कागदाच्या कारखान्यात नोकरीला आले. ते पाळीवर निघाले की आईसुद्धा जरा वेळ केर काढत नसे. पण तो जरा वेळ म्हणजे वडिलांची सायकल कोपऱ्यावरून वळेपर्यंत. मामींना असलं अंदाजपंचे चालत नसे. पोचेपर्यंत म्हणजे पोचेपर्यंत. आणि घरातलं माणूस म्हणजे त्यांच्या छपराखाली झोपणारं कोणीही.

मी विजेच्या ऑफिसात कारकून. सकाळी स्कूटरवर निघालो की दहा मिनिटांत खुर्चीवर. तिथून मामींना एक मिस कॉल द्यायचा, की इकडे अंगणात खराटा सुरू. विसरलो तर बायकोचा फोन यायचा, "पोचलात की अजून रस्त्यातच आहात? तुमच्यापायी सगळं घर अडून बसलंय." साहेबांनी एकदा विचारलं, की हा रोज सकाळचा मिस कॉल कुणाला असतो. मी खरं ते सांगितलं, घरमालकिणीला. तेव्हापासून साहेब माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

नियमातून मामींनी स्वतःलाही सूट दिली नव्हती. त्या भाजीबाजारात गेल्या की भाजीवाल्याच्या शेजारी उभ्या राहून फोन करत, "मी पोचली. झाडा." एवढंच. आणि भाजी घेऊन घराकडे निघाल्या की पुन्हा बंद.

वरच्या खोलीत एक तरुण मास्तर राहत होते. त्यांची बदली खांडव्याला झाली. सामान टेम्पोत टाकून गेले ते गेले, फोन नाही, निरोप नाही, नंबरही बदललेला. मामींनी त्या खोलीला झाडू लागू दिला नाही. नवे भाडेकरू यायचे, कोपऱ्यातली जाळी बघायचे, विचारायचे की साफसफाई कधी होणार. मामी शांतपणे सांगायच्या, "आधीचा पोचला की." लोक मागे न बघता जिना उतरायचे. दोन-अडीच महिने खोली अशी रिकामी पडल्यावर मामी एके दिवशी बसमध्ये बसून खांडव्याला गेल्या, विचारत विचारत शाळा शोधली आणि मास्तर वर्गात शिकवत असताना दारात उभ्या राहिल्या. मास्तरांना वाटलं, भाड्याचं काही राहिलं. मामींनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, पोचल्याची खात्री केली आणि परतीची बस धरली.

माझ्या बायकोला हे सगळं पटत नसे. तिने एकदा तोंडावर विचारलं, की मामी, केर काढल्याने माणसाचं काय बिघडतं? मामी तेव्हा शेंगा फोडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. यजमानांना नेलं त्या दिवसाचं सांगू लागल्या. तिरडी गल्लीच्या वळणावर गेली न गेली तोच बायकांनी घर झाडायला घेतलं होतं. रीतच आहे तशी, मेलेल्या माणसाच्या मागे घर झाडून धुऊन काढतात. मामी कोपऱ्यात बसून तो झाडूचा आवाज ऐकत होत्या.

"मेलेल्याच्या मांगे झाडतात, पोरी. त्याले परत यायचं नसते," त्या म्हणाल्या. "जिता माणूस तिकडे रस्त्यानं चालून रायला, नि तुमी इकडे त्याले पुसून रायले. हे कसं जमंल?"

बायको त्यानंतर तक्रार करायची, पण हळू आवाजात.

हे सगळं इंदूर, खांडवा, भुसावळपर्यंत निभावून जात होतं. पंचाईत झाली ती मामींचा एकुलता एक मुलगा, ज्याला त्या आणि सगळी गल्ली भैया म्हणत, कॅनडात टोरंटोला नोकरीला लागला तेव्हा. तो पहिल्यांदा निघाला त्या दिवशी मामींनी मला बोलावून घेतलं. माझ्या मोबाइलवर नेट चालत असे आणि मला इंग्रजी वाचता येई, एवढ्या भांडवलावर विमानखातं माझ्याकडे आलं.

मी शोधलं. दोन गावांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उडायला लागणारा वेळ सांगणारं एक पान सापडलं. इंदूर ते टोरंटो, बारा हजारांच्या वर किलोमीटर, साधारण पंधरा तास. मी वाचून दाखवलं.

"हे किलोमीटर आभाळातले का रस्त्यातले?" मामींनी विचारलं.

"आभाळातले."

"मंग खड्डे नसतीन."

मग मी समजावलं, की हे पान नुसतं दोरी ताणल्यासारखं सरळ मोजतं. असं थेट विमान काही जात नाही. आधी इंदूर, तिथून दिल्ली, दिल्लीत मध्यरात्रीनंतरपर्यंत बसायचं, मग मोठं विमान. पोचायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होते. मामींना हे लगेच कळलं. त्या म्हणाल्या, तुमचा फोन लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा बोलतो. सगळं सरळ सांगतो, अडायची जागा तेवढी गाळतो.

जाताना जास्त तास लागतात आणि येताना कमी, हे कळलं तेव्हा तर त्या खूश झाल्या. मी वरच्या वाऱ्याचं सांगू लागलो. त्यांनी हाताने मला थांबवलं. वारा-बिरा काही नाही, बैल घराकडे वळला की आपोआप पाय उचलतो, विमानाचं वेगळं काय असणार? भैयाचं घर अजून बुऱ्हाणपुरातच आहे, याचा हा त्यांच्या लेखी सरकारी पुरावा होता. त्या तो गल्लीत दाखवत फिरल्या. त्यांचा दुसरा एक सिद्धांत होता. आपली केळी ट्रकमधून दिल्लीला पोचायला दोन दिवस घेते आणि माणूस दोन दिवसांत अमेरिकेपलीकडे जातो, म्हणजे दिल्लीच जास्त लांब असली पाहिजे.

आता घरात प्रश्न उभा राहिला, की दिल्लीच्या विमानतळावर सात-आठ तास बसणं हे पोचणं धरायचं का. बायकोने वकिली केली. म्हणाली, "मामी, तो तिथे आरामात खुर्चीवर बसून कॉफी पितोय. तेवढ्यात अंगण काढून घेऊ?"

मामींनी तिच्याकडे नीट बघितलं. "खुर्चीवर बसला म्हंजे पोचला? तू बी त सकाळपासून बसेल हाय. कुठी पोचली?"

खटला तिथेच निकालात निघाला. भैया टोरंटोतल्या आपल्या खोलीवर जाऊन फोन करेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन दिवस, घराला झाडू नाही. तो दर थंडीत यायचा आणि फाल्गुनात जायचा. आणि फाल्गुनात कडुनिंब पानं गाळतो. ज्यांनी कडुनिंबाखाली राहून पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. पहिल्या संध्याकाळी पाऊल टाकलं की कुरकुर आवाज होतो. दुसऱ्या दिवशी उंबरा कुठे आहे ते आठवणीने ओळखावं लागतं.

तीन वर्षं आम्ही असे पानांतून चाललो. चौथ्या वर्षी भैया निघाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या मुलीला बघायला रावेरहून पाहुणे येणार होते.

तारीख आम्ही बदलून पाहिली, पण मुलाच्या काकांना तीच सोयीची होती. भैया सकाळी गाडीने इंदूरला गेला, दुपारी तिथून उडाला. संध्याकाळी वारा सुटला. रात्रभर पानं पडत होती. सकाळी उठून पाहिलं तर अंगण, ओटा, आमची पायरी, सगळं पिवळं. वर शेजारच्या मुलांनी खाल्लेल्या शेंगांची टरफलं. बायको दारात उभी होती. एकदा अंगणाकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. पाहुणे अकराला येणार होते.

मामी ओट्यावर मोबाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन माझा फोन काढला, ते पान उघडलं आणि वाचून दाखवलं. इंदूर ते टोरंटो, पंधरा तास. काल दुपारी चारला निघाला, आता सात वाजून गेलेत. पंधरा तास झाले, मामी.

हे सगळं अक्षरन् अक्षर त्या पानावर होतं. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो, की मी खोटं बोललो नाही, वाचून दाखवलं. दिल्लीची गोष्ट मीच त्यांना पूर्वी समजावली होती. त्या दिवशी मी ती गाळली. मामींनी विचारलं, मग भैयाचा फोन कसा नाही आला? मी म्हटलं, "तिथे पासपोर्टच्या रांगेत फोन करू देत नाहीत. पोचला असणार. घ्या झाडून." हे मात्र कुठल्याच पानावर नव्हतं.

मामींना धुळीने खोकला होतो, त्यांच्यासाठीच केलं मी हे, असंही नंतर मी मनाशी घोळवलं. तसं नव्हतं. मी पाहुण्यांसाठी केलं.

मामी उठल्या. पोरगा पोचला या आनंदात त्यांनी बायकोच्या हातून खराटा घेतला आणि सगळं अंगण स्वतः झाडलं. तुळशीपासून फाटकापर्यंत. पाहुणे आले, घर कसं चकचकीत ठेवलंय म्हणाले, पोहे दोनदा घेतले आणि मुलगी उंच आहे म्हणून नकार कळवला. मुलीने पुढे इंदूरला तिच्याच ऑफिसातला मुलगा पसंत केला. त्यांच्याकडे केर काढायला एक गोल यंत्र आहे, ते दिवसभर आपलं आपण फिरत असतं. कोण आलं, कोण गेलं, त्याला काही देणंघेणं नसतं.

त्या संध्याकाळी भैयाचा फोन आला. तो टोरंटोत नव्हता. विमानात एका म्हाताऱ्या प्रवाशाच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून विमान वाटेतल्याच कुठल्याशा देशात उतरवलं होतं. म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं, तो सुखरूप होता. पण तेवढ्यात वैमानिकांची पाळी भरली, दुसरे यायचे होते, आणि विमानभर माणसं बर्फातल्या एका विमानतळावर जमिनीवर बसून होती. भैया हसत हसत सांगत होता. तिथला चहा किती वाईट आहे त्याचं वर्णन करत होता.

मामींनी एकच विचारलं, विमान खाली घेतलं तेव्हा आपल्याकडे किती वाजले होते. तो म्हणाला, सकाळचे साडेसात-आठ.

मामींनी फोन ठेवला आणि स्वच्छ अंगणाकडे बघत राहिल्या. "त्याच वक्ताले मी तुळशीपाशी होती," त्या म्हणाल्या.

मी समोरच होतो. मामींनी माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर मी बोललो असतो असं मला वाटतं. पण त्या उलट मलाच समजावू लागल्या. तुम्ही तर बिचारे अंदाज सांगत होते भाऊ, फोन यायच्या आधी मीच उठली, मलेच घाई झाली. मी मान हलवली. ती मान हलवणं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं आहे, आणि त्यात एक शब्दही नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर भैयाने तिकीट काढायचं म्हटलं तेव्हा मामींनी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. तो येईल तर आनंदच आहे, पण आला की जाईल, आणि या घराचा झाडू त्याच्या विमानाला लागतो, हे एकदा कळल्यावर पुन्हा परीक्षा कोण घेणार? भैयाने विनवलं, चिडून पाहिलं, माझ्याकडून निरोप पाठवले. "अंकल, मम्मीला तुम्ही समजवा ना, ती तुमचं ऐकते." मी समजावतो म्हणायचो आणि समजावायचो नाही. समजावायला गेलो असतो तर सांगावं लागलं असतं. मामींना तिकडे बोलवावं तर त्या म्हणत, मी उडाली तर माझ्या मांगे कोण कधी झाडंल याचा काय भरवसा? माझ्यावर नजर ठेवायला मामी लागतात, हे त्यांना न कळता कळलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी भैयाला मुलगी झाली. मामींनी नात फोनच्या काचेत पाहिली. तिचे केस वाढत गेले तसे फोनवर दिसत गेले. आधी टाळूवर, मग कानांवर, मग डोळ्यांत. या घराण्यात मुलांचं जाऊळ इच्छापूरला इच्छादेवीपाशी काढतात. भैयाचं तिथेच काढलं होतं, त्याच्या बापाचंही. सूनबाई तिकडे मुलीचे केस रबरबँडने बांधून ठेवत होती, कात्री लावत नव्हती.

एके दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर मामी वाट बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या फोनात एक पाहा बरं. पोरीचे केस तिकडंच कापून पार्सलनं पाठोले त कितल्या दिवसात येतीन?"

मला आधी कळलंच नाही.

"मी देवीपुढे ठेवून देईन. पोरगी नाही येत, त केस त येतीन. त्याईले काय, विमान खाली उतरलं तरी काही होत नाही."

मी फोन काढला. बोटाला सवय होती, तेच पान उघडलं. टोरंटो ते इंदूर. बारा हजारांच्या वर किलोमीटर. मी ते बघत उभा राहिलो आणि मला ते वाचून दाखवता येईना.

"मामी, त्या दिवशी भैया पोचला नव्हता, हे मला माहीत होतं."

"कोण्या दिवशी?"

"तुम्ही अंगण झाडलं त्या दिवशी. तो तेव्हा हवेत होता. पोचायला संध्याकाळ होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्याकडे पाहुणे येणार होते म्हणून मी तुम्हाला पोचला असं सांगितलं."

आतून बायकोच्या हातातली भांडी थांबल्याचं मला ऐकू आलं. मग मामींनी, एखादा साहेब चौकशी करताना विचारतो तसं, एकेक विचारायला घेतलं.

"रांगेचं?"

"तेही खोटं."

"मले झाडाले कोणं सांगतलं?"

"मी."

"पाहुणे कोणाचे?"

"माझे."

"मंग झाडू कोणाचा झाला?"

मी म्हटलं, "माझा."

त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. दोन वर्षं कोंडून ठेवलेला असावा असा. मग मांडीवरचा फोन उचलला आणि भैयाला लावला. तिकडे नुकतं उजाडलं असणार. तो घाबरलेल्या आवाजात हॅलो म्हणाला.

"भैया, तिकीट काढ," मामी म्हणाल्या. "पोरीले घेऊन ये, जाऊळ करू. झाडू आपल्या घराचा नव्हता. भाडेकरूचा होता."

तिकडून भैया काय काय विचारत होता. मामींनी फक्त तारीख विचारली, ती दोनदा वदवून घेतली आणि फोन ठेवला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"दोन वर्सं मी मलेच शिव्या देल्या," त्या म्हणाल्या. "आता उभे रायजा, तुमचा वाटा घ्या."

आणि त्यांनी सुरुवात केली. मी खानदेशच्या सीमेवर जन्म काढला, विजेच्या ऑफिसात बिलं वाढलेल्या लोकांची बोलणी खाल्ली, पण त्या संध्याकाळी ऐकले तसे शब्द मी तोपर्यंत ऐकले नव्हते. माझी अक्कल, माझं शिक्षण, माझा फोन, माझे पाहुणे, त्या पाहुण्यांनी खाल्लेले पोहे, सगळ्यांचा नंबर लागला. नातीचे पहिले दात मी खाल्ले होते, तिचं रांगणं मी खाल्लं होतं, आणि माझ्यासारख्या माणसाला इतकी वर्षं मिस कॉल देऊ दिला ही त्यांची चूक झाली होती. मी मान खाली घालून उभा होतो. बायको दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, मध्ये पडेल. ती मन लावून ऐकत होती. एक-दोन ठिकाणी तिने मानही डोलावली.

बऱ्याच वेळाने मामींचा आवाज बसला आणि त्यांना खोकला आला. मी पुढे होऊन त्यांना पाणी आणू का विचारलं. माझा स्वतःचा घसा इतका सुकला होता की शब्द नीट फुटला नाही. मामींनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे वळून बायकोला म्हणाल्या, "त्याईले पाणी दे, पोरी. अजून लय बाकी हाय."